उसनवारीची नोंदवही: जावास्क्रिप्टचे पॅकेज मॅनेजर आणि घाटाखालचे संगणकशिक्षण

संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा व्यवसाय आरंभापासूनच उसनवारीवर उभा आहे. केंब्रिज विद्यापीठात 1949मध्ये एड्सॅक हा संगणक सुरू झाला, तेव्हा वर्गमूळ काढणे किंवा अंक छापणे यांसारखी वारंवार लागणारी कामे प्रत्येकाने नव्याने लिहू नयेत म्हणून त्यांच्या उपप्रक्रिया, म्हणजे मोठ्या आज्ञावलीत जशाच्या तशा बसवता येणारे छोटे भाग, छिद्रांकित कागदी फितींवर साठवून ठेवल्या जात. या पद्धतीचे पहिले व्यवस्थित विवेचन विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी 1951च्या आपल्या ग्रंथात केले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960मध्ये टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला आणि 1964मध्ये सीडीसी 3600 हे मोठे यंत्र आले. त्या काळापासून महाराष्ट्रातही संगणकावर काम करणारा वर्ग तयार होऊ लागला. दुसऱ्याने लिहिलेला भाग त्या काळी फितीच्या किंवा कार्डांच्या गठ्ठ्याच्या रूपाने हातात येई. त्यामुळे कोणाकडून काय घेतले हे लिहून ठेवले नाही तरी ते घेणाऱ्याच्या स्मरणात राही.

संगणकांची जाळी निर्माण झाल्यावर ही स्थिती बदलली. मुंबईत 1985मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, पाच आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांना जोडणारा अर्नेट हा प्रकल्प 1986मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने हाती घेतला, तर विदेश संचार निगमाने 15 ऑगस्ट 1995 रोजी मुंबईसह काही मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. याच सुमारास जगात सामायिक भांडारांची कल्पना रुजत होती. पर्ल भाषेतील तयार भागांचे सीपॅन हे भांडार 1995मध्ये उभे राहिले, आणि डेबियन या लिनक्स वितरणाने 1999मधील आपल्या 2.1 आवृत्तीत एपीटी हे साधन दिले. एपीटीला एका पॅकेजचे, म्हणजे नाव आणि आवृत्ती देऊन बांधलेल्या आज्ञावलीच्या गठ्ठ्याचे, नाव सांगितले की ते पॅकेज ज्या इतर पॅकेजांवर अवलंबून असेल तीही ते स्वतः शोधून आणत असे. अशा साधनाला पॅकेज मॅनेजर म्हणतात, ज्या मध्यवर्ती भांडारातून ते पॅकेज आणते त्याला रजिस्ट्री म्हणतात, आणि ज्या काळ्या खिडकीत चित्रांवर बोट न ठेवता शब्दांत आज्ञा टंकून ते चालवले जाते तिला कमांड लाइन म्हणतात.

जावास्क्रिप्ट ही भाषा या परंपरेत उशिरा आली. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी 1995मध्ये ती घाईने घडवली, कारण तिचे काम वेबपानावरील बटणे आणि अर्ज हलते करण्यापुरतेच मर्यादित राहील असा त्या वेळी समज होता. त्यामुळे एका फाइलने दुसरी फाइल रीतसर मागवण्याची सोयच भाषेत ठेवली गेली नाही. पुढे जॉन रेसिग यांचे 2006मध्ये आलेले जेक्वेरी हे ग्रंथालय लोकप्रिय झाले, तेव्हाही ते वापरण्याची रूढ रीत म्हणजे संकेतस्थळावरून फाइल उतरवून घेणे आणि आपल्या फोल्डरात ठेवणे एवढीच होती. नवी आवृत्ती आली तर जुनी फाइल हाताने बदलावी लागे, आणि कोणत्या प्रकल्पात कोणती आवृत्ती आहे हे फाइलीच्या नावावरून ओळखावे लागे.

रायन डाल यांनी 2009मध्ये नोड.जेएस पुढे आणले आणि जावास्क्रिप्ट ब्राउझरच्या बाहेर, थेट सर्व्हरवर, चालू लागली. त्याच वर्षी कॉमनजेएस या प्रयत्नातून एका फाइलने दुसरीला मागवण्याचा संकेत ठरत होता. या दोन्हींच्या आधाराने आयझॅक श्लूटर यांनी 2010मध्ये एनपीएम हे पॅकेज मॅनेजर साधन प्रसिद्ध केले, आणि पुढच्याच वर्षी ते नोडबरोबर आपोआप मिळू लागले. ब्राउझरसाठीच्या फाइलींकरिता ट्विटरने 2012मध्ये बॉवर हे वेगळे साधन दिले होते, पण एकाच भाषेसाठी दोन भांडारे सांभाळण्याचे प्रयोजन उरले नाही आणि बॉवर मागे पडले.

एनपीएमच्या कार्यपद्धतीचा गाभा पॅकेज.जेसन या लहानशा मजकुरी फाइलीत आहे. प्रकल्पाला कोणती पॅकेजे हवीत हे तीत लिहिलेले असते. ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही आज्ञा दिली की ही यादी वाचली जाते, प्रत्येक पॅकेजची स्वतःची यादी रजिस्ट्रीतून पाहिली जाते, आणि सर्व मिळून जे लागेल ते ‘नोड_मॉड्यूल्स’ नावाच्या फोल्डरात उतरवले जाते. आवृत्तीचा क्रमांक तीन भागांचा असतो: जुना वापर मोडणारा बदल झाला की पहिला अंक वाढतो, नवी सोय आली की दुसरा आणि केवळ दोष दुरुस्त झाला की तिसरा. 1.2.3 या आकड्याआधी टोपीसारखे चिन्ह लिहिले, तर 2.0.0च्या अलीकडची, पण 1.2.3पेक्षा जुनी नसलेली, कोणतीही आवृत्ती चालेल असा त्याचा अर्थ होतो. या सैलपणामुळे दुरुस्त्या आपोआप मिळत, परंतु सोमवारी आणि शुक्रवारी तीच आज्ञा देणाऱ्या दोघांच्या संगणकांवर भिन्न आवृत्त्या येण्याची शक्यताही त्यातूनच निर्माण झाली. आरंभीच्या काळात प्रत्येक पॅकेज आपल्या पोटात आपल्या गरजेची पॅकेजे ठेवत असे. फोल्डरात फोल्डर अशी ही उतरंड इतकी खोल जाई की विंडोजवर फाइलमार्गाच्या लांबीची मर्यादा ओलांडली जाई. म्हणून 2015मधील तिसऱ्या आवृत्तीने शक्य तितकी पॅकेजे एकाच पातळीवर मांडण्यास सुरुवात केली.

अवलंबित्व हा मुळात दोष नाही, हे मुंबई-पुणे वाटेवर घाटाच्या पायथ्याशी असलेल्या कर्जत परिसराच्या इतिहासावरून सहज ध्यानात येते. बोरघाटातून जाणारा रेल्वेमार्ग 1863मध्ये खुला झाला, आणि त्याच्या 37 फुटांस 1 फूट इतक्या तीव्र चढामुळे पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला थांबवून मागून बँकर इंजिने जोडण्याची पद्धत पडली. गाडी दुसऱ्या इंजिनांवर अवलंबून असली तरी ते अवलंबित्व वेळापत्रकात धरलेले असते, त्यासाठी थांबा ठरलेला असतो, आणि इंजिन कोणाच्या ताब्यात आहे हे सर्वांना ठाऊक असते. जावास्क्रिप्टच्या जगात नेमकी हीच नोंद अपुरी होती, हे 22 मार्च 2016 रोजी उघड झाले. किक या कंपनीशी एका नावावरून वाद झाल्यावर अझेर कोचुलू या लेखकाने आपली 270हून अधिक पॅकेजे रजिस्ट्रीतून काढून घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड हे अवघ्या 11 ओळींचे पॅकेज होते. मजकुराच्या डावीकडे ठरावीक रुंदीपर्यंत रिकामी जागा किंवा शून्ये भरणे एवढेच त्याचे काम होते. तरी बेबलसारखी मोठी साधने इतर पॅकेजांमार्फत त्यावर टेकलेली असल्याने जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली, आणि त्यांतील अनेकांना आपण लेफ्ट-पॅड वापरतो हेही त्या दिवशीच समजले. एनपीएमने काही तासांत ते पॅकेज परत आणले आणि प्रसिद्ध झालेले पॅकेज मागे घेण्याच्या अधिकारावर निर्बंध घातले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फेसबुकने गूगल, एक्स्पोनंट आणि टिल्ड यांच्या सहकार्याने यार्न हे पर्यायी साधन जाहीर केले. वेग हे त्याचे जाहीर आकर्षण असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने त्यातील यार्न.लॉक ही फाइल अधिक महत्त्वाची ठरते. साध्या यादीत गरज सांगितलेली असते, तर या लॉक फाइलमध्ये थेट आणि आडमार्गाने आलेल्या प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती आणि ते कोठून आले हे नोंदलेले असते. उतरवलेला गठ्ठा तोच आहे हे पडताळण्यासाठी त्याच्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूणही तीत ठेवली जाते. एनपीएममध्ये असे गोठवण्याचे साधन आधीपासून होते, पण ते वापरकर्त्याने आठवणीने चालवावे लागे. 2017च्या पाचव्या आवृत्तीपासून पॅकेज-लॉक.जेसन ही फाइल आपोआप तयार होऊ लागली, आणि 2018मध्ये आलेली ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा त्या नोंदीबरहुकूमच उतरवण्याचे काम करू लागली. झोल्टान कोचान यांच्या पीएनपीएमने जागेचा प्रश्न सोडवला: संगणकावर प्रत्येक पॅकेजची एकच प्रत ठेवायची आणि सर्व प्रकल्पांतून तिच्याकडे जोडण्या द्यायच्या. शिवाय, यादीत न लिहिलेले पॅकेज शेजारी सापडले म्हणून वापरण्याची पळवाटही त्याने बंद केली.

महाराष्ट्रातील संगणकव्यवसायाची मुंबई आणि पुणे ही दोन केंद्रे ज्या पट्ट्याने जोडली जातात, तो कर्जत आणि खालापूर तालुक्यांतून जातो. कर्जतमार्गे रेल्वे जाते, तर 2002मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग खालापूरमधून घाटाला भिडतो. कर्जतचे कोकण ज्ञानपीठ अभियांत्रिकी महाविद्यालय आणि खालापूरची विश्वनिकेतन ही संस्था या पट्ट्यातील संगणकशिक्षणाची ठिकाणे आहेत, आणि दोन्ही मुंबई विद्यापीठाच्या परिघात वाढली. विद्यापीठाच्या 2019च्या सुधारित अभ्यासक्रमात माहिती तंत्रज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या इंटरनेट प्रोग्रामिंग या विषयात रिॲक्ट हे जावास्क्रिप्ट ग्रंथालय आणि नोड यांचा समावेश झाला, आणि त्याबरोबर एनपीएम हे या विषयाच्या विद्यार्थ्याचे रोजचे साधन बनले. म्हणजे हे विद्यार्थी या इतिहासात लॉक फाइल रूढ झाल्यानंतर प्रवेश करतात, आणि ती कोणत्या अपघातांतून जन्मली हे माहीत नसतानाच तिचे फायदे त्यांच्या हाती येतात. नोड_मॉड्यूल्स फोल्डरात हजारो फाइली असल्याने तो कोणी कोणाला देत नाही. पॅकेज.जेसन, लॉक फाइल आणि स्वतःचा कोड एवढेच दिले जाते, आणि दुसऱ्या संगणकावर उरलेले सर्व त्या नोंदीवरून पुन्हा उभे करता येते. लॉक फाइल वगळून दिलेला प्रकल्प मात्र काही महिन्यांनी दुसरीकडे चालेलच असे नाही.

नोंदीने काय उतरले हे निश्चित झाले, परंतु ते कोणी बनवले हा प्रश्न तिने सुटला नाही. 2018मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजची देखभाल मूळ लेखकाने एका अनोळखी स्वयंसेवकाकडे सोपवली, आणि त्याने कोपे या बिटकॉइन-पाकिटातील चलन चोरण्यासाठी बेतलेला कोड एका नव्या अवलंबित्वाच्या रूपाने आत घातला. 2021मध्ये यूए-पार्सर-जेएसच्या लेखकाचे खाते बळकावून दूषित आवृत्त्या प्रसिद्ध करण्यात आल्या. सप्टेंबर 2025मध्ये फसव्या ईमेलच्या जाळ्यात सापडलेल्या देखभालकर्त्याच्या खात्यातून चॉक आणि डीबग यांसारखी अतिवापरातील पॅकेजे बिघडवली गेली, आणि त्याच महिन्यात एका पॅकेजमधून दुसऱ्यात स्वतःहून पसरणारा शाई-हुलुड हा किडाही रजिस्ट्रीत शिरला. गिटहबने 2020मध्ये विकत घेतलेल्या एनपीएमने 2023पासून पॅकेज कोणत्या मूळ कोडवरून आणि कोणत्या यंत्रणेत बांधले गेले याचा पडताळता येणारा दाखला जोडण्याची सोय दिली आहे. नोंदवहीत आजवर केवळ मालाचे वर्णन होते, त्यात आता बनवणाऱ्याची ओळख येऊ लागली आहे.

वेग, जागा आणि सोय या कसोट्यांवर पॅकेज मॅनेजरांची तुलना नेहमी केली जाते, पण त्यांच्या इतिहासातील निर्णायक टप्पे नोंदीच्या बाजूचे आहेत. यादी, आवृत्तीचा संकेत, लॉक फाइल आणि उगमाचा दाखला या क्रमाने उसनवारी अधिकाधिक लेखी होत गेली, आणि यातील उत्तरार्धातील पायऱ्या आधीच्या मोठ्या अपघातांनंतर चढल्या गेल्या. म्हणून कर्जत-खालापूरच्या प्रयोगशाळांत एनपीएम इन्स्टॉल ही आज्ञा चालवून पाहण्याइतकेच महत्त्व तिने तयार केलेली लॉक फाइल उघडून वाचण्याला द्यायला हवे. दोन-तीन पॅकेजे मागितली असता शेकडो का आली आणि त्यांतील प्रत्येकाची जबाबदारी कोण घेतो, या प्रश्नांचा शोध त्या फाइलपासूनच सुरू होतो, आणि घाट चढून पुण्यात किंवा खाली मुंबईत नोकरीला लागलेल्या अभियंत्याला पुढे तेच प्रश्न दररोज विचारावे लागणार आहेत.