सरकारी औषधखरेदीचे दप्तर

सार्वजनिक रुग्णालयात हाती पडलेल्या औषधाची पारख करण्याचे साधन रुग्णापाशी नसते. ते कोणाकडून, कोणत्या भावाने आणि कोणाच्या शिफारशीवरून घेतले गेले हे सांगू शकेल असा साक्षीदार म्हणजे खरेदीचे दप्तर, आणि ते मिटलेले राहिले तर त्याचे मोल रुग्णाला प्राणांनी चुकवावे लागते, याचा दारुण प्रत्यय मुंबईस १९८६ साली आला.

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्यातून १८४५ साली उभे राहिलेले रुग्णालय पिढ्यान्‌पिढ्या गोरगरिबांचा आधार होते. तेथे १९८६ च्या प्रारंभी मेंदूतील व डोळ्यांतील दाब उतरावा म्हणून ज्यांना ग्लिसरॉल पाजले गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन निघाले. हे विष वैद्यकास अपरिचित नव्हते: १९३७ साली अमेरिकेत याच द्रवात कालवलेल्या सल्फानिलमाइडने शंभरावर बळी घेतले होते. आपल्याकडेही रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये औषधांतील भेसळीचा तपास केला होता आणि १९४० साली औषध कायदाही झाला होता. कायदा होता, तपासनीस होते, प्रयोगशाळाही होती. परंतु माल रुग्णालयाच्या कोठारात येईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर जाब विचारणारी उघडी व्यवस्था नव्हती.

या मृत्यूंच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे न्यायमूर्ती लेंटिन यांचे थोरपण हे, की ते केवळ विषाचा शोध लावून थांबले नाहीत. पुरवठादाराची निवड, रुग्णालयाचा कारभार, औषध प्रशासनाची शिथिलता आणि मंत्रालयातून होणारा हस्तक्षेप या साऱ्यांची त्यांनी जबान्या व दस्तऐवज समोर ठेवून रुजुवात केली. १९८८ साली अहवाल प्रसिद्ध झाल्यावर आरोग्यमंत्र्यांना पदत्याग करावा लागला.

दोष कळल्यावर व्यवस्था कशी रचावी, याचा धडा तामिळनाडूने घालून दिला. १९९४ साली तेथे स्थापन झालेल्या वैद्यकीय सेवा महामंडळाने आवश्यक औषधांची यादी निश्चित केली. निविदेचे पाकीट दुहेरी ठेवून पात्रतेची छाननी आधी आणि दराची नंतर अशी शिस्त लावली. आलेल्या मालाचे नमुने उत्पादकाचे नाव झाकून, केवळ सांकेतिक क्रमांकानिशी प्रयोगशाळांकडे धाडले. आणि प्रत्येक रुग्णालयास मंजूर रक्कम व उचललेला माल नोंदवणारे खातेपुस्तक दिले. येथे झाकायचे ते पक्षपातास वाव देणारे नाव आणि उघडे ठेवायचे ते दर, निकष व निर्णय, हा विवेक या रचनेचा प्राण आहे.

महाराष्ट्रात औषधखरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे सोपवली गेली आणि २०२३ साली कायद्याने स्वतंत्र खरेदी प्राधिकरण निर्माण झाले. परंतु संस्थेची पाटी बदलल्याने दप्तर आपोआप उघडत नाही. जिल्हा रुग्णालयातील प्रत्येक औषधाचा खरेदीदर, पुरवठादाराचे नाव आणि तपासणीचा निकाल नागरिकाला अर्ज न करता वाचता आला पाहिजे. हा त्याच्यावर केलेला अनुग्रह नव्हे, उपचाराइतकाच तो त्याचा हक्क आहे, आणि तो शासनाने विनाविलंब मान्य करावा.