हंटिंग्टन रोगाच्या बैठका

हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार आहे. बहुतेकांना तो तिशी-चाळिशीत गाठतो. हातापायांच्या हालचाली ताब्यात राहत नाहीत, स्वभाव पालटतो, विचारशक्ती ढासळत जाते आणि पंधरा-वीस वर्षांत मृत्यू येतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा आजार असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील जॉर्ज हंटिंग्टन या बावीस वर्षांच्या डॉक्टरने १८७२ मध्ये त्याचे नेमके वर्णन केले. त्याचे आजोबा आणि वडील याच भागात वैद्यकी करत असल्याने काही घराण्यांतील पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती त्याला घरातच मिळाली. पुढची सुमारे शंभर वर्षे रोगाचे निदान होत राहिले, पण कारणाचा पत्ता लागला नाही.

लोकगायक वुडी गथ्री १९६७ मध्ये या आजाराने वारले. त्याच वर्षी त्यांच्या पूर्वपत्नी, नृत्यांगना मार्जरी गथ्री यांनी रुग्ण-कुटुंबांची संघटना उभी केली. १९६८ मध्ये लॉस एंजेलिसचे मनोविश्लेषक मिल्टन वेक्सलर यांच्या घटस्फोटित पत्नी लिओनोर यांना हाच रोग असल्याचे निष्पन्न झाले. लिओनोर यांचे वडील आणि तिन्ही भाऊ याच आजाराने गेले होते, आणि आता अ‍ॅलिस व नॅन्सी या दोन्ही मुलींवरही तीच टांगती तलवार आली. वेक्सलर यांनी आधी गथ्री यांच्या संघटनेची कॅलिफोर्निया शाखा चालवली. १९७४ मध्ये तिचे रूपांतर ‘हेरेडिटरी डिसीज फाउंडेशन’ या स्वतंत्र संस्थेत झाले.

या संस्थेचे मुख्य साधन म्हणजे छोट्या बैठका. वैद्यकीय परिषदांत तयार निबंध वाचले जातात आणि पूर्ण झालेले काम मांडले जाते. वेक्सलर यांनी ही रीत मोडली. बैठकीला मोजकेच शास्त्रज्ञ असत आणि ते वेगवेगळ्या शाखांमधून निवडलेले असत. या रोगावर पूर्वी काम न केलेल्या तरुणांना मुद्दाम बोलावले जाई. स्लाइड आणि लिखित भाषण यांना मज्जाव होता. सुचेल ते, अर्धवट का असेना, बोलून टाकायचे, ही मनोविश्लेषणातली पद्धत त्यांनी प्रयोगशाळेतल्या माणसांना लावली. आरंभी एखादा रुग्ण व त्याचे कुटुंबीय शास्त्रज्ञांशी बोलत, त्यामुळे ज्यांनी हा रोग केवळ पुस्तकात वाचला होता त्यांना तो समोर दिसे.

रोगाच्या वर्णनाला शंभर वर्षे झाल्याच्या निमित्ताने १९७२ मध्ये ओहायोतील कोलंबस येथे परिसंवाद भरला. तेथे व्हेनेझुएलाच्या एका डॉक्टरांनी माराकाइबो सरोवराकाठच्या रुग्णांचा चित्रपट दाखवला. आमेरिको नेग्रेते या तिथल्याच डॉक्टरांनी १९५० च्या दशकात या वस्त्यांतील ‘एल माल’ नावाने ओळखला जाणारा आजार हंटिंग्टनच असल्याचे ओळखले होते. एकाच परिसरात, एकमेकांच्या नात्यातले इतके रुग्ण अन्यत्र कोठेही आढळले नव्हते. १९८१ पासून नॅन्सी वेक्सलर यांच्या नेतृत्वाखाली दरवर्षी पथके तेथे जाऊ लागली. त्यांनी रक्ताचे नमुने घेतले आणि वंशावळ मांडली. पुढे या वंशावळीत अठरा हजारांहून अधिक व्यक्तींची नोंद झाली.

अशा कुटुंबांचा उपयोग कसा करायचा, हे त्याआधीच, १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत भरलेल्या बैठकीत ठरत गेले. डीएनएमधील किरकोळ फरकांचा खुणा म्हणून वापर करून जनुकाचा ठावठिकाणा लावता येईल, ही कल्पना तेव्हा नवी होती. आधी सर्व गुणसूत्रांवरील खुणांचा नकाशा तयार करावा, असे काहींचे मत पडले. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे डेव्हिड हाउसमन मात्र लगेच शोध सुरू करावा, या मताचे होते. त्यांचे विद्यार्थी जेम्स गुसेला यांनी बोस्टनमध्ये काम सुरू केले आणि तपासलेल्या पहिल्या काही खुणांपैकीच एक रोगासोबत वारशाने जात असल्याचे आढळले. जनुक चौथ्या गुणसूत्रावर असल्याचा हा निष्कर्ष १९८३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रत्यक्ष जनुक हाती यायला आणखी दहा वर्षे लागली. त्यासाठी वेक्सलर यांच्या संस्थेने अमेरिका व ब्रिटनमधील सहा प्रयोगशाळांचा गट बांधला. त्यांत गुसेला आणि हाउसमन यांच्याबरोबर फ्रान्सिस कॉलिन्स, हान्स लेहराख, जॉन वॉस्मथ आणि पीटर हार्पर यांचे गट होते. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या या मंडळींनी नमुने आणि निष्कर्ष आपसांत वाटून घेण्याचे मान्य केले. काही वर्षे सगळा शोध गुणसूत्राच्या टोकाशी अडकला. काही कुटुंबांतील पुरावे तिकडे बोट दाखवत होते, पण जनुक टोकापासून आतल्या बाजूला निघाले. मार्च १९९३ मध्ये ‘सेल’मधील शोधनिबंधावर लेखक म्हणून संयुक्त गटाचे नाव छापले गेले. त्यात ५८ संशोधक होते.

या जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरे लागोपाठ पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात हा क्रम २६ किंवा त्याहून कमी वेळा असतो. तो ४० किंवा त्याहून अधिक वेळा आला, तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या माणसाला रोग होतोच. त्यामुळे या जनुकापासून बनणाऱ्या हंटिंग्टिन प्रथिनाची रचना बिघडते आणि मेंदूतील चेतापेशी मरू लागतात. १९९६ मध्ये लंडनमधील जिलियन बेट्स यांच्या गटाने हा दोष असलेले उंदीर तयार केले. त्यामुळे औषधे प्रथम प्राण्यांवर तपासण्याची सोय झाली.

उपचारांची गती मात्र मंद राहिली. २००८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टेट्राबेनाझिन अनावर हालचाली कमी करते, रोग थांबवत नाही. बिघडलेल्या प्रथिनाची निर्मिती घटवणाऱ्या टोमिनर्सेन या औषधाची मोठी चाचणी २०२१ मध्ये थांबवावी लागली. माराकाइबोच्या गरीब वस्त्यांना तर संशोधनाचा लाभ फारच थोडा पोचला. तेथे १९९९ मध्ये रुग्णांसाठी एक शुश्रूषागृह सुरू झाले, एवढाच मोठा आधार होता. व्हेनेझुएलातील नमुन्यांवर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने रोग कोणत्या वयात सुरू होतो यावर इतर जनुके आणि परिस्थिती यांचाही परिणाम होतो, असे दाखवले. त्यामुळे रोगाची सुरुवात लांबवणाऱ्या घटकांचा शोध हाही औषधसंशोधनाचा एक मार्ग झाला.