संदेश-तीव्रता (पोस्टग्रेस-एसक्यूएल)

पोस्टग्रेस-एसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरच्या संदेशांना दिली जाणारी श्रेणी. युनिक्स परंपरेतील सिसलॉगमध्ये (पहा : सिसलॉग) 0 ते 7 अशा आठ पातळ्या असतात, पोस्टग्रेसची उतरंड वेगळी आहे. ‘एरर’ने चालू आज्ञा रद्द होते, ‘फेटल’ने सत्र संपते, ‘पॅनिक’ने सर्वच सत्रे तुटतात, म्हणजे येथे पातळी ठरते ती परिणामाच्या व्याप्तीवरून. यावर आक्षेप असा की, ‘लॉग’ हा निरुपद्रवी संदेश सर्व्हरच्या नोंदींत ‘एरर’च्याही वर बसतो. परंतु या नोंदी प्रशासक वाचतो. चेकपॉइंटची (पहा : चेकपॉइंट) माहिती त्याला हवी असते, कुणाच्या क्वेरीतील चुकीचे स्तंभनाम बहुधा नको असते. वापरकर्त्याकडे जाताना हाच ‘लॉग’ ‘नोटिस’च्या खाली उतरतो. तीव्रतेइतकाच वाचकही निर्णायक ठरतो, तो असा.