माळा म्हणून दाखवलेलं घर

गेल्या महिन्यात आमच्या साताऱ्याच्या प्लॉटवरच्या घराचा प्लॅन हातात पडला. मी मोठ्या कागदावर प्रिंट काढून तो डायनिंग टेबलवर पसरला आणि रिव्ह्यू मीटिंग सुरू! बाबांनी सगळ्यात आधी उत्तरेचा बाण शोधला. बायकोला कपाटं कमी वाटली. भावाने फोनवरूनच "दोन गाड्या बसतील ना रे?" एवढं विचारून घेतलं. आई मात्र शेवटपर्यंत "तुम्ही ठरवाल ते चांगलंच असेल" यापलीकडे गेली नाही. म्हणजे ज्या स्वयंपाकघरात तिचा निम्मा दिवस जाणार, त्यावर तिची कमेंट शून्य. ऑफिसात अशा गप्प बसण्याला आपण साइन-ऑफ समजतो आणि पुढे प्रॉडक्शनमध्ये काय होतं ते मी सांगायला नको.

त्यावरून एक घर आठवलं. काही वर्षांपूर्वी ऑनसाइटला नेदरलँड्समध्ये होतो, तेव्हा एका शनिवारी युट्रेक्टला जाऊन बघून आलो होतो. प्रिन्स हेन्द्रिकलान नावाचा रस्ता, विटांच्या एकसारख्या घरांची शांत रांग, आणि त्या रांगेच्या टोकाला चिकटून एक पांढरा-करडा ठोकळा. ठोकळा तरी कसा म्हणायचा, सुट्ट्या भिंती आणि लाल-निळ्या-पिवळ्या पट्ट्या कुणीतरी हवेत जुळवून ठेवल्यासारखं दिसतं ते. रीटफेल्ट-श्रोडर हाउस. बांधलं १९२४ मध्ये, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं २००० मध्ये.

बहुतेक लोक ते रीटफेल्टचं घर म्हणून बघतात. खेरिट रीटफेल्ट हा मुळात सुतार, फर्निचरवाला. ती प्रसिद्ध लाल-निळी खुर्ची त्याचीच. अख्खं घर बांधायची ही त्याची पहिलीच वेळ. पण मला त्यातली खरी गोष्ट वाटते ती त्रूस श्रोडरची.

त्रूसचा नवरा वकील होता, तिच्यापेक्षा बराच मोठा. मुलांना कसं वाढवायचं यावरून दोघांचं पटत नसे. त्यांच्या मोठ्या, भारदस्त घरात तिला स्वतःची म्हणावी अशी जागा वाटेना, म्हणून १९२१ मध्ये रीटफेल्टने तिला तिथली एक खोली बदलून दिली होती. १९२३ मध्ये नवरा वारला. पदरात तीन मुलं, सगळ्यात धाकटी पाच-सहा वर्षांची. बाईंनी आधी भाड्याचीच जागा शोधली, मुलं मोठी होईपर्यंत काढू म्हणून. मग ठरलं, नवीनच बांधू.

रीटफेल्टने पहिला आराखडा आणला आणि तिने तो नाकारला. इथे मी तिला मनातल्या मनात सलाम ठोकला. कारण नुसतं "नाही आवडलं" म्हणून ती थांबली नाही, तिच्याकडे स्पेसिफिकेशन तयार होतं. प्रत्येक खोलीत पलंग निदान दोन वेगवेगळ्या तऱ्हेने लावता आला पाहिजे. प्रत्येक खोलीत पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची सोय हवी. प्रत्येक खोलीतून बाहेर पडायला दार हवं. आणि मुख्य म्हणजे तिला मुलांसोबत वरच्या मजल्यावर राहायचं होतं. तेव्हा शहर तिथे संपत असे, पुढे मोकळी शेतं होती, आणि वरून ती दिसायची.

मग पुढचा प्रश्न तिनेच विचारला: या मधल्या भिंती काढून टाकता येणार नाहीत का? रीटफेल्टला हेच हवं होतं. त्याला तर वरचा मजला सरसकट मोकळा ठेवायचा होता. पण तीन मुलांची आई ती, तिला मोकळेपणा पाहिजे होता आणि मुलांना रात्री आपापली खोलीसुद्धा. यातून निघाल्या त्या सरकत्या भिंती. दिवसा त्या सरकवून ठेवल्या की जिन्याभोवती एकच मोठं दालन. रात्री ओढल्या की मुलाची खोली, मुलींची खोली, आईची छोटी खोली, बसायची जागा. (आवाजाचं काय करत असतील, हा प्रश्न मला तिथे उभं राहूनही पडला. एक मूल अभ्यासाला बसलंय आणि दुसऱ्याला खोकला झालाय, मग?)

आता खरी गंमत. बांधकामाच्या नियमांत ही सरकती भानगड बसत नव्हती. मग परवानगीच्या नकाशात काय करावं? खालच्या मजल्यावर साध्या पक्क्या भिंतींच्या खोल्या दाखवल्या आणि वरचा मजला दाखवला चक्क माळा म्हणून! खाली एक गॅरेजही दाखवलं होतं, बाईंकडे गाडी नसताना. तिथे पुढे रीटफेल्टचा स्टुडिओ झाला. आपल्याकडे बाल्कनीची खोली होते, पार्किंगचं दुकान होतं, त्यामुळे मला तिथे एकदम घरच्यासारखं वाटलं. :)

घर काँक्रीटचं वाटतं, पण आहे मुख्यतः विटांचं, वरून गिलावा. सगळं काँक्रीट परवडत नव्हतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते विचित्र वाटे आणि शाळेत मुलांना त्यावरून चिडवत. तरी त्यातली धाकटी मुलगी पुढे स्वतः आर्किटेक्ट झाली.

याच काळातलं दुसरं टोक बघा. पॅरिसजवळ प्वासीला साव्हॉय कुटुंबाचा बंगला, ल कॉर्बुझिएने केलेला, तोच आपला चंदीगडवाला. मॅडम साव्हॉयनीसुद्धा १९२८ मध्ये पत्र लिहून मागण्या कळवल्या होत्या: गार-गरम पाणी, गॅस, वीज, पुढेमागे घर वाढवता यावं, वगैरे. म्हणजे रिक्वायरमेंट डॉक्युमेंट होतंच. १९३१ मध्ये घर झालं. अप्रतिमच आहे, वाद नाही. पण १९३६ मध्येही बाईंची पत्रं चालूच, की हॉलमध्ये गळतंय, रॅम्पवर गळतंय, गॅरेजची भिंत भिजलीय, बाथरूममध्येही पाऊस येतोय. पुढच्या वर्षी प्रकरण कोर्टाच्या धमकीपर्यंत गेलं. १९४० मध्ये महायुद्धाच्या धामधुमीत कुटुंब घर सोडून गेलं. कागदावर मागण्या दोघींनीही दिल्या होत्या. फरक मला एवढाच दिसतो, की त्रूस ड्रॉइंग बोर्डाशेजारी जाऊन बसली. एकाच कीबोर्डावर दोघांनी काम करावं तसं.

आणि तरी कित्येक वर्षं पुस्तकांत ती नुसती 'क्लायंट'. दोघांनी पुढेही बरोबर काम केलं, १९३१ मध्ये जवळच एरास्मुसलानवर नवी घरं उभी केली. त्यांचं नातं कामापुरतं नव्हतं हेही आता लपलेलं नाही. बायको गेल्यानंतर रीटफेल्ट याच घरात राहायला आला आणि १९६४ मध्ये वारला. त्याआधी घरासमोरून उंचावरचा हायवे गेला होता. ज्या शेतांसाठी वरच्या मजल्याचा एवढा खटाटोप केला, त्यांच्या जागी गाड्या.

त्रूस मात्र तिथेच राहिली. मुलं मोठी होईपर्यंत म्हणून आलेली बाई १९८५ मध्ये जाईपर्यंत, म्हणजे साठ वर्षं. मधे तिने खोल्या भाड्याने दिल्या, वर वेगळं स्वयंपाकघर करून घेतलं, बदल करतच राहिली.

मागच्या रविवारी मी परत प्लॅन पसरला. या वेळी आईला "कसा वाटला?" असं विचारलंच नाही. विचारलं, "भाजी निवडायला कुठे बसशील?" तिने चष्मा लावला, दोन मिनिटं कागद बघितला, आणि म्हणाली, "इथे ओट्यापाशी उभं राहिलं तर फाटकात कोण आलंय ते दिसत नाही रे. आणि पाट्या-वरवंट्याला जागाच नाही ठेवलीत."

मग तिनेच पेन्सिल मागितली. ओटा आता पूर्वेच्या भिंतीला आलाय, बाबा खूश आहेत, आणि भावाची दुसरी गाडी बाहेर रस्त्यावर.