पोपने न दिलेला निकाल

परीक्षेचा निकाल लागायचा असला, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘देवाला सगळं ठाऊक आहे.’ धीर द्यायला हे वाक्य बरं असतं. त्याचा अर्थ लावायला बसलो, की मात्र ते अवघड होतं. मी उद्या खोटं बोलणार हे देवाला आजच ठाऊक असेल आणि देवाचं ज्ञान चुकणार नसेल, तर उद्या खरं बोलण्याची मुभा मला उरते कुठे? आणि ती उरत नसेल, तर खोटेपणाचा दोष माझ्या माथी का?

ख्रिस्ती धर्मशास्त्रात हा प्रश्न जुनाच आहे. तारणाच्या बाबतीत माणसाची इच्छा स्वतंत्र नाहीच, असं मार्टिन ल्यूथरने १५२५ साली इरॅस्मसला उत्तर देताना ठासून सांगितलं. कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेत वेगळा निर्णय केला. देवाच्या कृपेवाचून तारण नाही, पण ती कृपा नाकारण्याचं स्वातंत्र्य माणसाला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या, एवढं सांगून परिषद मोकळी झाली. त्या एकत्र नांदतात कशा, हे सांगायचं राहिलं आणि तिथेच कॅथलिकांच्या घरात भांडण पेटलं.

१५८८ साली लिस्बनमध्ये लुईस दे मोलिना या स्पॅनिश जेझुइट पंडितांचा ‘कॉन्कॉर्डिया’ हा ग्रंथ छापला गेला. कॉन्कॉर्डिया म्हणजे मेळ. (नावात मेळ, आणि त्यावरून भांडण मात्र जवळजवळ वीस वर्षं!) मोलिना यांचं म्हणणं असं: काय काय शक्य आहे हे देव जाणतो, प्रत्यक्ष काय घडणार हेही जाणतो. या दोहोंच्या मधे त्याचं आणखी एक ज्ञान आहे. अमुक माणूस अमुक परिस्थितीत सापडला तर आपल्या मर्जीने काय करील, याचं. म्हणून त्याला ‘मध्यम ज्ञान’ म्हणायचं.

मोलिनापंथी यासाठी जुन्या करारातली एक गोष्ट पुढे करत. राजा शौल दाविदाच्या जिवावर उठला होता. दावीद कईला नावाच्या गावात होता. त्यानेच ते गाव नुकतंच पलिष्ट्यांच्या तावडीतून सोडवलं होतं. त्याने देवाला विचारलं, शौल इथे चालून येईल का? उत्तर आलं, येईल. हे गावकरी मला त्याच्या हाती देतील का? देतील. दाविदाने आपली माणसं घेतली आणि गाव सोडलं. मग शौल आलाच नाही, गावकऱ्यांवर विश्वासघाताची पाळीही आली नाही. देवाने सांगितलेलं घडलं नाही, तरी ते खोटं नव्हतं. देवाला जे ‘झालं असतं’ तेही कळतं. आणि कळणं म्हणजे घडवणं नव्हे.

डॉमिनिकन संघाचे दोमिंगो बान्येस सलामांकाच्या विद्यापीठात शिकवत. त्यांना हे मुळीच मान्य नव्हतं. माणूस काय निवडील यावर देवाचं ज्ञान अवलंबून राहिलं, तर देव माणसाचा मिंधा झाला की! बान्येस म्हणत, देवच माणसाच्या इच्छेला आतून चालना देतो, आणि तीही अशी की ती इच्छा स्वतंत्रपणेच वळते. यावर जेझुइटांचा सवाल होता: मग पाप्याला ती चालना मिळालीच नाही, यात त्याचा काय अपराध? या प्रश्नाला बान्येसांच्या बाजूने समाधानकारक उत्तर मिळालं, असं मला तरी वाटत नाही.

स्पेनमधलं भांडण हाताबाहेर जाऊ लागलं, तेव्हा पोप आठवे क्लेमेंट यांनी ते रोमला नेलं. १६०२ पासून दोन्ही पक्ष त्यांच्यासमोर वाद घालू लागले. मोलिना १६०० मध्येच वारले होते. १६०४ मध्ये बान्येस गेले, १६०५ मध्ये खुद्द क्लेमेंट. वाद थांबला नाही. दोन पोपांसमोर मिळून ८५ बैठका झाल्या. चौकशी समितीचा कल मोलिनांच्या विरुद्ध होता.

अखेर १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी ठरवलं, की दोन्ही पक्षांनी आपापलं मत बाळगावं, समोरच्याला पाखंडी म्हणू नये. अंतिम निर्णय योग्य वेळी कळवला जाईल. यात राजकारण नव्हतं असं नाही. व्हेनिसशी पोपचं बिनसलं, तेव्हा जेझुइट पोपच्या बाजूने उभे राहिले आणि १६०६ मध्ये त्यांना तिथून हद्दपार व्हावं लागलं. अशांना दोषी ठरवणं अवघडच होतं. तरीही याला नुसती पळवाट म्हणणं मला जड जातं. याच रोममध्ये १६०० साली जिओर्दानो ब्रूनोला पाखंडी ठरवून जाळलं होतं.

१६११ मध्ये परवानगीवाचून या विषयावर पुस्तकं छापायलाही बंदी आली. विचार काही मेला नाही. १९७०च्या दशकात अमेरिकन तत्त्वज्ञ आल्विन प्लांटिंगा स्वतःच्या वाटेने जवळजवळ तिथेच पोहोचले. आपण मोलिनांचंच म्हणणं मांडतो आहोत, हे त्यांना नंतर कळलं. मग जुनी शंकाही परतली: जे कधी घडलंच नाही, त्याबद्दलचं विधान खरं ठरतं ते कशाच्या आधारावर? यावर विद्यापीठांतून अजून वाद चालतो. पाचव्या पॉलनी कबूल केलेला निर्णयही अद्याप आलेला नाही.