न हटणारी जार फाइल : वेब ॲप्लिकेशन अनडिप्लॉय करतानाच्या एका अडचणीचा इतिहास

प्रास्ताविक

मी तंजावर येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वेब तंत्रज्ञान शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेत घडलेला एक प्रसंग आधी सांगतो, कारण या पाठाचा विषय त्यातूनच निघाला.

एका विद्यार्थिनीला आपल्या प्रोग्राममधली चूक परीक्षेच्या वेळेतच सापडली. तिने ती दुरुस्त केली, विंडोज संगणकावरील टॉमकॅट ७ मधून जुने ॲप्लिकेशन अनडिप्लॉय केले आणि नवी वॉर फाइल ठेवली. ब्राउझरमध्ये मात्र ४०४ असा संदेश आला. मी पाहिले आणि वहीत लिहिले, ‘प्रोग्राम चालत नाही’. संध्याकाळी संगणक बंद करताना तिच्या ॲप्लिकेशनचा फोल्डर उघडला, तर आत बाकी सर्व पुसले गेले होते आणि लायब्ररीच्या फोल्डरात एकच जार फाइल उरली होती. ती उरली म्हणून फोल्डर उरला, आणि फोल्डर आधीच आहे म्हणून टॉमकॅटने नवी वॉर फाइल उलगडलीच नाही. प्रोग्राममध्ये दोष नव्हता. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा पुन्हा घेतली. पण मी तो फोल्डर उघडला नसता तर तिचे गुण गेलेच होते.

तुमच्याही बाबतीत हे घडेल. त्या वेळी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करणे हा उपाय लगेच चालतो, आणि म्हणूनच कारण कधी कळत नाही. ते कारण समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

१. नाव आणि ताबा

आमच्या गावचेच उदाहरण घ्या. सरस्वती महाल ग्रंथालय भोसले राजांच्या राजवाड्यात वाढले. दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) ते विशेष नावारूपाला आणले. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुत्र नसताना वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. राजवाड्यातील मालमत्तेवर हक्क कोणाचा, हा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तेथील निकाल १८५९ चा आहे. ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले ते १९१८ मध्ये. दप्तरातले नाव एका दिवसात खोडता येते, ताबा तसा एका दिवसात सुटत नाही.

फाइलच्या बाबतीतही नाव आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली अडचण या दोहोंमधल्या फरकातून उद्भवते.

२. दोन परंपरा

१९६९ नंतर बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवले. युनिक्समध्ये फाइल म्हणजे आयनोड; डिरेक्टरीतले नाव हा त्याच्याकडे बोट दाखवणारा केवळ दुवा. फाइल पुसणे म्हणजे हा दुवा काढणे. एखाद्या प्रोसेसने ती फाइल उघडून ठेवली असेल तरी नाव लगेच जाते, पण मजकूर डिस्कवर राहतो. शेवटच्या प्रोसेसने फाइल बंद केली की जागा मोकळी होते. लिनक्सने हीच रीत घेतली.

मायक्रोसॉफ्टची वाट वेगळी होती. डॉस ही एका माणसाची, एका वेळी एक काम करणारी प्रणाली. १९८४ च्या डॉस ३.० मध्ये नेटवर्कवरील सामायिक फाइलींसाठी ‘शेअर’ची सोय आली. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये हा विचार पक्का झाला. फाइल उघडतानाच प्रोसेस सांगते, ‘माझ्याकडे ही असताना इतरांनी वाचले तर चालेल, लिहिले तर चालेल, पुसले तर चालेल’. यांतली पुसण्याची मुभा दिली नसेल, तर ती प्रोसेस फाइल बंद करेपर्यंत कोणालाही ती पुसता येत नाही.

दोन्ही परंपरांमागे विचार आहे. युनिक्स काम अडू देत नाही. विंडोज वापरात असलेली वस्तू हातातून काढू देत नाही.

३. जावा आणि जार

जार ही झिप पद्धतीची फाइल. अनेक क्लास एकत्र बांधण्यासाठी १९९७ च्या जेडीके १.१ मध्ये आली. सुटी क्लास फाइल एकदा वाचली की बंद करता येते. जारचे तसे नाही. त्यातले क्लास लागतील तसतसे काढायचे असतात, म्हणून क्लासलोडर जार उघडीच ठेवतो. जावाची जुनी फाइल-पद्धत विंडोजवर जार उघडताना वाचण्या-लिहिण्याची मुभा देते, पुसण्याची देत नाही. म्हणूनच आमच्या परीक्षेत सुट्या फाइली गेल्या आणि जार राहिली.

१९९८ च्या जावा १.२ मध्ये यूआरएल-क्लासलोडर आला. पण त्याने उघडलेल्या जार बंद करण्याची पद्धत त्याला मिळाली ती २०११ च्या जावा ७ मध्ये. दरम्यान १९९९ च्या सर्व्हलेट २.२ विनिर्देशात वॉर फाइलची कल्पना आली आणि त्याच वर्षी टॉमकॅट अपाची संस्थेकडे आले. म्हणजे सर्व्हर चालू ठेवून ॲप्लिकेशन काढण्या-घालण्याची अपेक्षा आली, आणि तिला लागणारे साधन भाषेत सुमारे १२ वर्षांनी आले.

४. टॉमकॅटने काय केले

थांबताना टॉमकॅट आपण उघडलेल्या जार आपण बंद करतो. पण जारमधली एखादी सेटिंगची फाइल यूआरएल-कनेक्शनमार्फत वाचली की जावा ती जार एका सामायिक कॅशेत उघडी ठेवते. ही कॅशे संपूर्ण जेव्हीएमची असते, ॲप्लिकेशनची नव्हे. त्यामुळे ॲप्लिकेशन गेले तरी ताबा उरतो.

टॉमकॅट ५.५ मध्ये यावर अँटी-जार-लॉकिंग आणि अँटी-रिसोर्स-लॉकिंग या दोन सोयी होत्या. दुसरी सोय संपूर्ण ॲप्लिकेशनची प्रत तात्पुरत्या फोल्डरात करून तेथून चालवते. ताबा प्रतीवर बसतो आणि मूळ फोल्डर पुसता येतो. पण सुरुवात मंदावते आणि मूळ जेएसपीत केलेला बदल चालू सर्व्हरवर दिसत नाही. म्हणून ती मुळात बंद ठेवलेली असते. पुढे टॉमकॅट ६ च्या काळात आलेल्या गळती-प्रतिबंधक लिसनरने यूआरएल-कनेक्शनची कॅशेच मुळात बंद ठेवली. टॉमकॅट ७ मध्ये एकाच ॲप्लिकेशनच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी चालवण्याची सोय आली. जुनी तत्काळ पुसण्याची गरजच त्यामुळे कमी झाली.

५. लिनक्सवर प्रश्न नसतो का?

‘सर, लिनक्स वापरू, प्रश्न मिटला’, असे विद्यार्थी म्हणतात. लिनक्सवर फाइल पुसली जाते हे खरे. पण ताबा तेथेही असतो, तो फक्त दिसत नाही. पुसलेली जार डिस्कची जागा अडवून बसते. वारंवार डिप्लॉय केले की जुने क्लासलोडर मेमरीत साचतात. जावा ७ पर्यंत याचा शेवट पर्मजेनची मेमरी संपल्याच्या संदेशाने होत असे. शिवाय जावा ८ पर्यंत चालू जारवर त्याच नावाची नवी फाइल थेट लिहिली तर जेव्हीएम कोसळू शकत असे. विंडोज अडवते तेव्हा निदान कोणीतरी फाइल सोडलेली नाही हे त्याच दिवशी कळते.

६. शोधण्याची रीत

(अ) सर्व्हर लगेच बंद करू नका. प्रोसेस गेली की पुरावाही जातो.

(आ) फाइल कोणाकडे आहे ते पाहा. विंडोजवर सिसइंटर्नल्सच्या प्रोसेस एक्सप्लोररमध्ये जारचे नाव शोधा. लिनक्सवर ‘एलएसओएफ’ वापरा. कधी कधी ताबा जावाकडे नसून अँटिव्हायरसकडे किंवा तुमच्याच आयडीईकडे निघतो.

(इ) ताबा जावाकडे असेल तर तुमचा कोड तपासा. न बंद केलेला स्ट्रीम, जार-फाइल किंवा स्वतः तयार केलेला क्लासलोडर आहे का? यूआरएल-कनेक्शन कॅशे वापरते आहे का?

(ई) अडलेली फाइल डीएलएल असेल तर प्रश्न वेगळा. ती तिच्या क्लासलोडरची कचरा-सफाई झाल्यावरच सुटते. एखादा चालू थ्रेड किंवा नोंदणी न काढलेला डेटाबेस ड्रायव्हर क्लासलोडरला धरून ठेवतो. टॉमकॅटचा लॉग याचा इशारा देतो. मॅनेजरमधील गळती शोधण्याचे बटणही वापरा.

(उ) ॲप्लिकेशन थांबताना चालणाऱ्या लिसनरमध्ये थ्रेड थांबवा, ड्रायव्हरची नोंदणी काढा, उघडलेले सर्व बंद करा. अँटी-रिसोर्स-लॉकिंग शेवटी.

(ऊ) अनडिप्लॉयनंतर फोल्डर खरोखर गेला का, हे डोळ्यांनी पाहा. त्या दिवशी मी एवढेच आधी पाहिले असते तर पुरे होते.

सारांश

फाइलचे नाव जाणे आणि ताबा सुटणे या वेगळ्या घटना आहेत. युनिक्सने त्या वेगळ्या ठेवल्या, विंडोजने बांधल्या, आणि जावाला ताबा सोडण्याचे साधन उशिरा मिळाले. न पुसली जाणारी जार हा बहुधा मूळ दोष नसून त्याचे लक्षण असते. तेव्हा प्रथम ‘फाइल कोणाकडे आहे?’ हे विचारा.

स्वाध्याय

१. सुट्या क्लास फाइली पुसल्या जातात आणि जार अडते, असे का होते?
२. एक जार उघडून मुद्दाम बंद न करणारे छोटे ॲप्लिकेशन लिहा. ते विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर अनडिप्लॉय करा आणि प्रत्येक ठिकाणी ताबा कोणाकडे राहिला ते नोंदवा.
३. सर्व्हर पुन्हा सुरू करण्याने कोणती माहिती कायमची हरवते?