कॅमेऱ्यासह आपल्याच गल्लीत

छायाचित्रणासाठी दूरचा प्रवास करावाच लागतो असे नाही. फ्रेंच छायाचित्रकार युजीन आत्जे यांनी सुमारे तीन दशके, १९२७ मध्ये निधन होईपर्यंत, पॅरिसच्याच जुन्या गल्ल्या, दुकाने व अंगणे टिपली. त्यातील बरेच काही आज छायाचित्रांतच उरले आहे.

गिरगावातही हीच निकड आहे. १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झालेल्या केशवजी नाईक चाळींच्या या परिसरात खोताची वाडीतील लाकडी सज्जांची घरे कमी होत चालली आहेत.

फेरी एकट्यानेच करावी. थांबण्यास वेळ मिळतो. सकाळच्या तिरप्या उन्हात लाकडावरील नक्षी उठून दिसते. अरुंद गल्लीत मात्र ऊन उशिरा उतरते. तेथे आयएसओ ४०० ते ८०० ठेवावा. ३५ मिलिमीटरची एकच लेन्स पुरते. कॅमेरा वर कलल्यास इमारतीच्या उभ्या रेषा झुकतात, म्हणून शक्य तितके मागे सरकावे. रहिवाशांची छायाचित्रे त्यांच्या परवानगीनेच घ्यावीत.

प्रत्येक छायाचित्राची तारीख व ठिकाण नोंदवून ठेवावे आणि दरवर्षी तीच जागा त्याच कोनातून टिपावी. वास्तू पाडली गेल्यावर तिची ओळख सांगणारी हीच नोंद उरते.